फॉन्ट मोठा केला, तरी वयस्कर सभासद साइटवर अडखळतायत. नेमकं काय चुकतंय?

अर्धाकच्चा_कोडर

नमस्कार मंडळी. एका वाचनमंडळाची साइट गेली दोन वर्षं मी सांभाळतोय, हौसेने, रात्री जागून, पोटापाण्याचं काम वेगळं आहे. सभासदांपैकी बरेचसे पासष्टीच्या पुढचे. आधी साइटवर नुसती माहिती असायची, तारीख, वेळ, पुस्तकाचं नाव, तेव्हा कुणाची एका शब्दाची तक्रार नव्हती. या वर्षी मला हुक्की आली आणि साइट इंटरॅक्टिव्ह केली. आता ओटीपीने लॉगिन आहे, कार्यक्रमाला नाव नोंदवायचा फॉर्म आहे, सभागृहाच्या नकाशावर टॅप करून खुर्ची निवडायची, आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायला पाच नावं बोटाने वर-खाली ओढून पसंतीचा क्रम लावायचा. ते ओढायचं प्रकरण मला स्वतःला फार आवडलं होतं, दोन रात्री घातल्यात त्यात.

पहिल्या आठवड्यापासून फोनवर फोन. मला वाटलं डोळ्यांचा प्रश्न असणार, म्हणून अक्षर १४ वरून १८ पिक्सेल केलं, करड्याच्या जागी काळं केलं, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला फरक) टूलमध्ये टाकून ४.५ ला १ च्या वर आहे हे बघून घेतलं, वरच्या कोपऱ्यात 'अ+' आणि 'अ-' अशी बटणं पण दिली. फोन काही कमी झाले नाहीत.

तक्रारी साधारण अशा:

"मी बटण दाबलं, काहीच झालं नाही." डेटाबेसमध्ये बघतो तर त्याच गृहस्थांच्या तीन नोंदण्या.

"सगळं भरत आणलं आणि पान कोरं झालं."

"ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो, परत आलो तर पुन्हा पहिल्यापासून नंबर विचारतंय."

आणि एक बाई म्हणाल्या, "माझ्या हातून तुमची साइट बिघडली वाटतं, माफ करा हं." त्यांच्या हातून कप्पाळ काही बिघडलं नव्हतं, मीच तेव्हा सर्व्हर रिस्टार्ट करत होतो. पण त्यानंतर त्यांनी एकदाही लॉगिन केलेलं नाही.

मंडळात सूर असा की "त्यांना नाहीच जमायचं, तू फोनवर नावं घे आणि मोकळा हो." मला हे पटत नाही, कारण हीच मंडळी दिवसभर फोटो फॉरवर्ड करतात, व्हिडिओ कॉल लावतात, मग माझ्याच पानावर असं काय आहे? मोठं अक्षर आणि गडद रंग याच्यापलीकडे काय बघायचं असतं?

---

टॅबइंडेक्स_शून्य

तुझ्या तक्रारी वाचून आधी हसू आलं आणि मग स्वतःचे जुने प्रोजेक्ट आठवून गप्प बसलो. तू डोळ्यांचं औषध दिलंस, दुखणं दुसरीकडे आहे. परत वाच, चारपैकी एकानेही "दिसत नाही" म्हटलेलं नाही.

तीन नोंदण्यांचं आधी. यातले बरेच जण कॉम्प्युटर शिकले तेव्हा डेस्कटॉपवरचं काहीही उघडायला डबल क्लिक लागायचं. ती सवय बोटात मुरलीये, लिंक असो, बटण असो, दोनदा. त्यात तुझं बटण दाबल्यावर लगेच काही बदलत नसणार, सर्व्हरचं उत्तर यायला दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात माणूस म्हणतो लागलं नाही वाटतं, परत दाबतो. तर दाबल्या दाबल्या बटणावरचे शब्दच बदल, 'पाठवतोय, थांबा' असे, दुसरा टॅप सोडून दे, आणि सर्व्हरवरही तोच फॉर्म पुन्हा आला तर एकच नोंद धरली जाईल असं बघ. नुसतं ब्राउझरमध्ये अडवून भागत नाही, नेटवर्क अडखळलं की तिथून दोनदा येतंच.

"काहीच झालं नाही" याच्यावर पैज लावतो, 'नोंदणी झाली' हे तू त्या खालच्या कोपऱ्यातल्या टोस्टमध्ये (क्षणभर उमटणाऱ्या निरोपाच्या पट्टीत) दाखवतोयस, जो तीन सेकंदांत विरून जातो. बरोबर? आता ज्याने वाचता यावं म्हणून पान झूम करून ठेवलंय त्याच्या स्क्रीनवर तो कोपरा मुळात नाहीच. आणि बाकीच्यांची नजर बोटाकडे. निरोप बटणाच्या शेजारी दे, आणि माणूस स्वतः पुढे जाईपर्यंत तिथून हलवू नकोस.

पान कोरं झालं म्हणजे सेशन, साइट माणसाला लक्षात ठेवते ती मुदत, संपलं. किती ठेवलायस, १० मिनिटं? तुला तो फॉर्म भरायला दीड मिनिट लागतं म्हणून तुला १० खूप वाटली. पण इथे माणूस चष्मा शोधतो, कार्ड शोधतो, मध्ये दारावरची बेल वाजते. डब्ल्यूसीएजी म्हणजे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे जे सुगम्यतेचे (साइट सगळ्यांना वापरता येण्याचे) निकष आहेत, त्यात वेळेचा वेगळा नियम आहे: मुदत ठेवायचीच असेल तर एकतर बंद करता आली पाहिजे, नाहीतर आधीच दसपट लांबवता आली पाहिजे, नाहीतर संपायच्या आधी इशारा देऊन किमान २० सेकंद द्यायचे आणि एका साध्या बटणाने वाढवून मिळाली पाहिजे, तेही किमान १० वेळा. माझं विचारशील तर वाचनमंडळाच्या फॉर्मला मुदत कशाला? आणि भरलेलं ब्राउझरमध्ये जागच्या जागी सेव्ह करत जा, परत आल्यावर तसंच दिसू दे. (एकच कॉम्प्युटर चार जण वापरत असतील तर खाजगी माहिती तिथे साठवू नकोस, नाव आणि खुर्ची ठीक आहे.)

ओटीपीचं दुखणं मात्र सगळ्यात नकोसं. माणूस मेसेज बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो, फोनची मेमरी कमी असली की ब्राउझर मागचं पान टाकून देतो, परत आल्यावर ते नव्याने लोड होतं. तू 'ओटीपी पाठवलाय' ही अवस्था फक्त जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली असशील तर ती गेलीच. ती सर्व्हरवर ठेव, रिलोड झालं तरी थेट ओटीपीच्या रकान्यातच उतरला पाहिजे. सहा आकड्यांचे सहा चौकोन केले असतील तर काढ, एक रकाना पुरे, आणि त्याला ऑटोकम्प्लीटमध्ये 'वन-टाइम-कोड' लिही म्हणजे हल्लीच्या फोनवर मेसेजमधला आकडा कीबोर्डच्या वर आपोआप सुचवला जातो, ॲप बदलायची गरजच उरत नाही. पेस्ट तर अजिबात अडवू नकोस. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये हे स्पष्टच घेतलंय, लॉगिनसाठी माणसाला काही पाठ ठेवायला किंवा बघून उतरवायला लावत असाल तर दुसरी वाट द्या.

'अ+' बटण खरं सांगू का, शोभेचं आहे. ज्यांना मोठं अक्षर लागतं त्यांनी ब्राउझरमध्ये ते आधीच मोठं करून ठेवलेलं असतं, बहुतेकदा मुलाने किंवा नातीने. तू १८ पिक्सेल असं बांधलंस की ते सेटिंग मेलं. रेममध्ये लिही, ते माप ब्राउझरमधल्या सेटिंगप्रमाणे लहानमोठं होतं. आणि व्ह्यूपोर्टच्या ओळीत (पान फोनवर कसं बसावं ते सांगणारी) 'मॅक्झिमम-स्केल १', म्हणजे झूमबंदी, आहे का बघ. ते बहुतेक टेम्प्लेटमध्ये का असतं माहितीये? आयफोनवर रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की टॅप करताच सफारी पान मोठं करतो, डेव्हलपरला ते डोळ्यात खुपतं, म्हणून तो झूमच बंद करून टाकतो. खरा उपाय रकान्यातलं अक्षर १६ करणं. गंमत म्हणजे आयओएस १० पासून सफारी ही बंदी मानतच नाही, पण अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती अजून चालते, म्हणजे मरतो बिचारा अँड्रॉइडवाला.

राहिलं तुझं ओढायचं प्रकरण. वाईट वाटून घेऊ नकोस, पण प्रत्येक नावापुढे 'वर' आणि 'खाली' अशी दोन बटणं दे. थरथरत्या हाताला टॅप जमतो, दाबून धरून सरकवणं नाही जमत, आणि मध्ये बोट सुटलं की नाव भलतीकडेच पडतं. ओढण्याला पर्याय हवा हेही २.२ मध्ये आहेच. तुझ्या दोन रात्री वाया जाणार नाहीत, ज्यांना ओढायचंय ते ओढू देत.

---

खिडकीपाशी

वरचं सगळं मान्य, पण त्याच्या आधी एक कर. एका सभासदाशेजारी खुर्ची टाकून बस आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेव. शब्दशः. मी बाबांबरोबर असं बसले होते.

बाबांचा जन्म १९५१ चा. आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग काढली, त्यामुळे हात स्थिर आणि चिकाटी म्हणाल तर माझ्या दहापट. एका साइटवर जन्मतारीख भरायची होती. रकान्याला हात लावला की कॅलेंडर उघडायचं, आणि ते उघडायचं २०२५ च्या चालू महिन्यावर. बाबांनी डावीकडचा बाण दाबायला सुरुवात केली. एक महिना. एक महिना. तोंडाने मोजत होते. मी मनात हिशोब केला, ७४ गुणिले १२, म्हणजे ८८८ वेळा. २०१९ पर्यंत पोचले आणि अंगठा जरा बाजूला लागला, कॅलेंडर मिटलं. परत उघडलं तर पुन्हा २०२५. चिडले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत बाणापासून सुरुवात.

वरती जे 'ऑक्टोबर २०२५' लिहिलेलं असतं त्याच्यावर टॅप केलं की वर्षांची यादी येते, हे मला माहीत होतं. ते दिसतं मात्र मथळ्यासारखं, मथळ्याला कोण कशाला हात लावेल? मी जीभ चावून बसले. मग त्यांनी सरळ तारीख टाइप करायचा प्रयत्न केला, तर रकाना टाइपच करू देईना. शेवटी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तूच कर."

मला या "तूच कर"चीच भीती वाटते. एकदा म्हटलं की पुढच्या वेळी ते करून बघतच नाहीत.

जन्मतारखेला कॅलेंडर नकोच, दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने पुरतात. ब्रिटन सरकारच्या साइटींसाठी जी डिझाइन सिस्टिम आहे तीही पाठ असलेल्या तारखेसाठी हेच सांगते. कॅलेंडर कशाला, तर "येत्या शनिवारी कोणती तारीख" असं बघायचं असेल तेव्हा.

अजून दोन गोष्टी तेव्हा दिसल्या ज्या मला कधीच सुचल्या नसत्या. एक, बाबा सगळं वाचतात. आपण कुकीजचा पॉपअप न बघता उडवतो, ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, कारण समोर आलंय म्हणजे महत्त्वाचं असणार असं त्यांना वाटतं. त्यामुळे तुझ्या पानावर वर जो काही 'स्वागत आहे, नवीन काय' असा फाफटपसारा असेल त्यातच त्यांची अर्धी ताकद जाते. दुसरी, रकान्याच्या आत फिकट अक्षरात 'पूर्ण नाव' लिहिलेलं असतं ना, ते टाइप करायला लागताच गायब होतं. बाबा खाली कीबोर्डकडे बघून एकेक अक्षर शोधतात, वर मान करतात तोवर त्या रकान्यात काय भरायचं होतं तेच जातं. नाव रकान्याच्या वर लिही, बाहेर, कायमचं.

आणि हो, बाबांकडे एक वही आहे. त्यात लिहिलंय: 'हिरवं बटण उजवीकडे खाली. मग थांबणे. मग निळ्या रेघेवर.' दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी उत्साही माणूस बटणाची जागा बदलतो आणि वहीचं एक पान फुकट जातं.

---

सरळसोट

एवढा उपद्व्याप कशाला? लॉगिनच्या आधी विचार, वय ६० च्या वर आहे का, हो म्हटलं की 'ज्येष्ठ मोड'. चार मोठ्ठी बटणं, प्रत्येकावर एक चित्र, बस. बाकीच्यांना तुझी भारी साइट राहू दे. सगळ्यांना खूश करायला गेलास तर कुणीच खूश होणार नाही.

---

वेलांटीवाली_आजी

माझं वय ७३. मुद्रितशोधनात हयात गेली, त्यामुळे बारीक अक्षराचं मला कौतुक नाही आणि भीतीही नाही. सरळसोट, तुम्ही चांगल्या भावनेने लिहिलंय हे कळतं, पण ते 'ज्येष्ठ मोड' बटण मी कधीही दाबणार नाही. माझ्या ओळखीतलं कुणी दाबेल असं वाटत नाही. म्हातारी म्हणा, आजी म्हणा, काही हरकत नाही, पण वेगळ्या पंगतीला बसवू नका. आणि त्या वेगळ्या साइटवर नेहमी चार गोष्टी कमी असतात, मग त्यासाठी परत मूळ साइटवर यावंच लागतं.

चित्रांबद्दल. तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू हे मला नातवाने सांगितलं, त्याआधी मला ती शोभेची नक्षी वाटायची. घर कळतं, भिंग कळतं, बाकी चित्रांचं काही खरं नाही. चित्राखाली एक शब्द लिहायला कितीशी जागा लागते हो? शब्द आम्हाला वाचता येतात. आम्ही वाचनमंडळात येतो ते काही चित्रं बघायला नाही.

दिसण्याचं म्हणाल तर अक्षर मोठं केलंत म्हणजे झालं असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि आतलं भिंग पिवळट होतं, साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून निळ्या पट्टीवर जांभळी अक्षरं आम्हाला एकच दिसतात. आणि कोडरसाहेब, तुम्ही अक्षरं काळी केलीत, पण रकान्याची चौकट तशीच फिकट करड्या रेघेची ठेवली असणार. कुठे लिहायचं तेच मला दिसत नाही, पांढऱ्यावर पांढरं. दोन ओळींमध्येही जरा जागा सोडा. आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. बारीक अक्षरात अनुस्वार तर धुळीच्या कणासारखा असतो, मी स्क्रीन पुसून बघते की हा टिंब आहे का कचरा.

आता जे कुणी बोलत नाही ते सांगते. आम्ही हळू असतो ते फक्त दिसत नाही म्हणून नाही. बटणाच्या आधी थांबतो. 'सबमिट' लिहिलेलं असतं, ते दाबलं की काय होईल, परत येता येईल का, चुकलं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं डोक्यात फिरतं. तुम्ही बिनधास्त दाबता कारण तुम्हाला माहीत असतं की मागे येता येतं. मला तसा पुरावा अजून कुणी दिलेला नाही. बटणावर 'माझं नाव नोंदवा' असं लिहा आणि खाली बारीक नको, नीट अक्षरात, 'नंतर बदलता येईल' एवढे तीन शब्द. मी दाबीन.

आणि चूक झाली की लाल अक्षरात 'अवैध इनपुट'. म्हणजे काय? माझं काय अवैध आहे? एकदा एका फॉर्मने माझा फोन नंबर सहा वेळा नाकारला. दहाच्या दहा आकडे मोजून लिहिले होते. संध्याकाळी नातू आला तेव्हा कळलं की कीबोर्ड मराठीवर होता, मी ९, ८ असे आपले देवनागरी आकडे लिहिले होते आणि त्या यंत्राला ते आकडेच वाटत नव्हते. दुपारभर मी स्वतःला मूर्ख समजत होते.

---

टॅबइंडेक्स_शून्य

आजी, ती चूक आमच्या जमातीची. जावास्क्रिप्टमध्ये 'आकडा आहे का' तपासायचं जे छोटं चिन्ह सगळे वापरतात ते फक्त ० ते ९ चे इंग्रजी आकडेच ओळखतं, देवनागरी आकडा त्याला अक्षर वाटतो. तपासायच्या आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेणं हे चार ओळींचं काम आहे. नंबरमधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा पण गपचूप काढून टाकाव्यात, त्यावरून माणसाला ओरडू नये. कोडर, तुझ्या फॉर्ममध्ये हे आत्ताच्या आत्ता तपास.

सरळसोट, वेगळ्या मोडबद्दल आजींनी सांगितलंच, मी एवढंच जोडतो की डब्ल्यूथ्रीसीच्या सुगम्यता गटाने २००७ ते २०१० या काळात वय वाढलेल्या लोकांच्या गरजांवर एक वेगळा प्रकल्पच केला होता, आणि निघालं काय, तर त्यांना जे लागतं त्यातलं बहुतेक सगळं अपंगांसाठीच्या निकषांत आधीपासूनच आहे. फरक इतकाच की अंध माणूस अंध आहे हे सांगतो, आणि साठीच्या माणसाला थोडं कमी दिसतं, थोडं कमी ऐकू येतं, हात थोडा थरथरतो, सगळं थोडं थोडं आणि एकदम, आणि तो स्वतःला यातलं काहीच म्हणवत नाही. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन काही चालू करेल ही आशा सोड.

खुर्च्यांचा नकाशा विसरलोच होतो. एका खुर्चीचा गोल किती पिक्सेलचा आहे? डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे कमीत कमी २४ बाय २४ हवा, वरच्या, जास्त कडक पातळीवर ४४, ॲपल स्वतः ४४ पॉइंट सांगतं आणि अँड्रॉइड ४८ डीपी (ही त्यांची पिक्सेलसारखीच मापं). फोनवर २०० खुर्च्या त्या मापात बसणारच नाहीत, म्हणजे मुळात नकाशाच चुकीचा आहे. आणि भरलेली लाल, मोकळी हिरवी असं नुसतं रंगावर ठेवलं असशील तर तेही गेलं.

---

सरळसोट

बरं, मोडचं मागे घेतो. आमच्या घरी कुणाला विचारलं नव्हतं, काल विचारलं. आजींनी लिहिलंय तेच उत्तर मिळालं, फक्त भाषा जास्त कडक होती.

---

अर्धाकच्चा_कोडर

तीन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व. टोस्टची पैज टॅबइंडेक्सने जिंकली, तीन नाही चार सेकंदांचा होता. सेशन १५ मिनिटांचं होतं, काढून टाकलं. खुर्च्यांचा गोल १६ पिक्सेल. नकाशा फोनवरून उडवला, आता तीनच प्रश्न आहेत: पुढे, मध्ये की मागे, कडेची खुर्ची हवी का, सोबत कोण आहे. खुर्ची साइट देते, नको असेल तर 'दुसरी दाखवा'. विशेष म्हणजे तरुण सभासदांनाही हेच आवडलंय, नकाशा कुठे गेला असं अजून एकानेही विचारलेलं नाही. जरा लागलं मनाला.

खिडकीपाशी म्हणाल्या तसं हात दाबून बसलो, एकदा एका काकांजवळ, एकदा त्या माफी मागणाऱ्या बाईंजवळ. तीन जण अजून बाकी आहेत, वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नील्सनने २००० सालीच लिहून ठेवलंय ना की पाच जणांना बसवलं तरी बहुतेक अडचणी सापडतात, मला दोघांतच वही भरायची वेळ आली. काकांचं एक कोडं सुटत नाहीये. ते बटण दाबतात आणि होतं काय, तर भलताच मेनू उघडतो, 'कॉपी करा, शेअर करा' वगैरे. कधी काहीच होत नाही. मी तेच बटण तसंच दाबतो तर चालतं.

बाईंना वरचं मोठं 'मागे' बटण आवडलं. फॉर्म अर्धा भरला, मागे गेल्या, परत पुढे आल्या, भरलेलं तसंच होतं. मग मुद्दाम परत एकदा मागे जाऊन बघितलं. तीनदा केलं असं, मी गप्प. मग म्हणाल्या, "राहतंय की," आणि नाव नोंदवलं.

आता बटणाच्या जागीच हा निरोप येतो आणि तिथेच राहतो: 'तुमची नोंदणि झाली आहे. खुर्ची: मधली रांग, कडेची. बदलायचं असेल तर खालचं बटण दाबा.' आजी, भाषा ठीक आहे का बघाल?

---

खिडकीपाशी

काकांचं बोट बघा, किती वेळ टेकलेलं असतं. बाबाही बटण दाबतात ते डोअरबेलसारखं, जोर लावून आणि धरून. फोनला जोर कळत नाही, वेळ कळतो, अर्धा सेकंद धरलं की तो 'लाँग प्रेस' समजतो आणि मेनू काढतो. तुझं बटण खरं बटण आहे का लिंकला बटणाचे कपडे घातलेत? लिंक असेल तर तो मेनू येणारच. खरं बटण कर आणि त्यावरचा मजकूर सिलेक्ट होणार नाही असं कर.

---

वेलांटीवाली_आजी

आणि कधी काहीच होत नाही ते कातडी कोरडी पडते म्हणून. टचस्क्रीनला बोटातला ओलावा लागतो, वयाबरोबर तो कमी होतो. काकांना सांगा, बोट ओलसर फडक्याला टेकवून मग दाबा. मी पूर्वी पानं उलटताना करायचे तेच.

निरोप चांगला आहे. 'नोंदणी', णी दीर्घ.